कुंडातले पाणी आणि माठातले पाणी

हळदीकुंकू असो, कोजागिरी असो किंवा नाताळच्या करंज्या असोत, आपल्या मंडळातल्या भगिनी हाताने काम करता करता जे प्रश्न एकमेकींना विचारतात ते सभेत कधीच विचारीत नाहीत. मला आजवर सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, "तुमच्यात बाप्तिस्मा म्हणतात, ते आमचे बारसेच ना हो?" दुसरा प्रश्न थोडा दबक्या आवाजात येतो, "आणि दुसऱ्याला आपल्या धर्मात आणलेच पाहिजे असे तुम्हांला सांगितलेले असते, ते खरे का?" चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मनात आले की एकदा बसून या दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यावे, आणि तेही आपल्याच मुलखात घडलेल्या हकिकती सांगून द्यावे. मी काही विदुषी नव्हे, सातवीपर्यंत शिकलेली आहे; परंतु वाचावयाची हौस आहे आणि या विषयावर घरात पुष्कळ ऐकलेले आहे.

प्रथम बारशाचे. बाप्तिस्मा म्हणजे बारसे नव्हे. लहान बाळाचा बाप्तिस्मा होताना त्याचे नाव उच्चारले जाते, म्हणून तसा समज होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाण्यात बुडविणे असा आहे. यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा एक वैरागी लोकांना पश्चात्ताप करावयास सांगे आणि नदीत बुडवून काढी. येशूनेही त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. जुने जीवन पाण्यात सोडले आणि नव्याने बाहेर आलो, अशी ती खूण आहे. पुढे नदीच्या ठिकाणी चर्चमध्ये दगडाचे कुंड आले. कॅथलिक मंडळी बाळाच्या कपाळावर तीन वेळा पाणी ओततात. वसईकडे त्याला स्नानसंस्कार असा सुंदर शब्द आहे. काही पंथ मोठ्या माणसालाच, आणि तेही पूर्ण बुडवून, बाप्तिस्मा देतात. आमच्याकडे लहानांचाही होतो, मग ते मूल कळते झाले की मंडळीसमोर उभे राहून "मला हे मान्य आहे" असे स्वतःच्या तोंडाने सांगते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आडवळणाने देता येणार नाही. होय, सांगितलेले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करावयास आणि बाप्तिस्मा द्यावयास सांगतो. ही आज्ञा आम्ही लपवीत नाही. प्रश्न इतकाच उरतो की ती कशी पाळावयाची, आणि त्याची उत्तरे आपल्या या भागातच निरनिराळ्या काळी फार निरनिराळी दिली गेली.

आपण राहतो तो अंधेरी, मरोळ, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सारा भाग म्हणजे जुने साष्टी बेट. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईच्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यांच्या मागोमाग त्यांचे धर्मगुरू आले. पहिल्यांदा फ्रान्सिस्कन संन्यासी आले, मग जेझुइट. बोरिवलीला मंडपेश्वरची गुंफा आहे, ती मूळची शंकराची. फ्रान्सिस्कनांनी तिचे चर्च केले आणि वर मठ बांधला. त्या मठाच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत आणि खाली गुंफेत नटराजही आहे. वांद्र्याचे संत आंद्रेचे चर्च १५७५ सालचे, आणि आपल्या कोंडिविट्याचे १५७९ सालचे.

त्या काळी एकेका माणसाचा नव्हे, पाड्यांचे पाडे मिळून बाप्तिस्मा होई. कुणबी, कोळी, भंडारी, आगरी, सुतार अशा जातींची माणसे त्यांत होती. कुंडावरून उठताना पेद्रूचा किंवा मारियाचा नवा जन्म होई आणि पोर्तुगीज धर्मपित्याचे आडनाव चिकटे. डिमेलो, परेरा, रॉड्रिग्ज ही आडनावे आली ती अशी. आता यात मनापासून किती आले? राजा ज्या धर्माचा, त्या धर्माच्या माणसाला नोकरी, जमीन आणि संरक्षण मिळते हे कुणालाही दिसत होते. देवळे मोडली गेली हेही खरे आहे. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले, त्याचा धाक होता. कुणी श्रद्धेने आला असेल, कुणी धाकाने, कुणी पोटासाठी आणि पुष्कळसे तर शेजारी गेले म्हणून. मी ख्रिस्ती असून हे लिहिते याचे कुणी आश्चर्य करू नये. जे पाणी तलवारीच्या सावलीत ओतले गेले त्याचा अभिमान मी कशी धरू?

परंतु हकिकत तेथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केली. पोर्तुगीज सत्ता उठली. तिच्याबरोबर आलेला धर्म तिच्याबरोबरच जावयाचा, असेच कुणीही म्हटले असते. तसे झाले नाही. कुळे तीच, शेते तीच, बोली मराठीच, आणि घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनाही चालू राहिल्या. इंग्रज १७७४ साली आले तेव्हा ही माणसे येथेच होती. १८८७ साली त्यांनी आपल्याला ईस्ट इंडियन असे नाव घेतले. त्यांच्या लग्नात अजून वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात. सत्ता गेल्यावर धर्म टिकला तो कुणी टिकविला? फौज तर नव्हती. माझ्या मते तो चुलीपाशी टिकला. पोर्तुगीज पाद्र्याने आजोबाच्या कपाळावर पाणी घातले असेल, पण नातवाला आकाशातल्या बापाची प्रार्थना शिकविली ती आजीने.

कोंडिविट्याच्या चर्चविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिते, कारण आपल्यापैकी कितीतरी जणी सीप्झच्या फाटकावरून रोज जातात आणि आत काय आहे हे ठाऊक नसते. महाकाली गुंफांपासून जवळच असलेले हे चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या त्याच योहानाच्या नावाचे आहे. सुमारे अडीचशे वर्षे ते भरभराटीत होते. १८४० च्या सुमारास साथीने गाव उठले, माणसे मरोळला येऊन वसली आणि तेथे नवे चर्च झाले, ते दुसऱ्या योहानाचे, शुभवर्तमान लिहिणाऱ्याचे. येताना लोकांनी काय आणले? मूर्ती आणल्या, वेद्या आणल्या, खांब आणले आणि बाप्तिस्म्याचे कुंडही आणले. दगडाचे जड कुंड, तेही साथीच्या दिवसांत! नवे घडविता आले नसते काय? पण ज्या कुंडात बापाचा, आजाचा स्नानसंस्कार झाला तेच हवे. मागे राहिलेल्या चर्चचे छप्पर गेले, झाडे वाढली, पुढे १९७३ साली भोवती सीप्झ झाले. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या बिनछपराच्या भिंतींमध्ये मिस्सा होते.

त्याच १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. गोव्यातही साष्टी आहे, ती आपल्या साष्टीहून निराळी. तेथे तो चाळीस वर्षे राहिला आणि त्याने आपल्या पुराणांच्या धर्तीवर मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राचोलला छापले गेले. धर्म सांगावयाचा तर ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या कानाला गोड लागेल अशा छंदात सांगावा, एवढे त्याला उमगले होते. जेथे धाक होता तेथेच हेही होते. इतिहास असा एकरंगी नसतो.

आता मी जरा दूर, माझ्या माहेरी जाते, कारण बाप्तिस्म्याची दुसरी तऱ्हा मला ठाऊक आहे ती तिकडची. माझे माहेर अहमदनगर जिल्ह्यातले, त्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तिकडे पोर्तुगीज नव्हते. तिकडे आले ते अमेरिकन मिशनचे लोक. १८१३ साली ते मुंबईस उतरले आणि पुढे नगरला त्यांचे मोठे ठाणे झाले. त्यांच्यापाशी राज्य नव्हते; शाळा होती, दवाखाना होता आणि १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे पत्र होते. येथे माणसे गावागावाने नव्हे, एकेक करून येऊ लागली. एकेकाने यावयाचे म्हणजे घर फुटणे आलेच. बेळगावच्या बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा आणि पुढे पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये घेतला तेव्हाही, मोठे वादळ उठले.

रमाबाईंची गोष्ट आपल्या दुसऱ्या प्रश्नाशी फार जवळची आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. कुणाच्या धर्मात हात घालणार नाही असे सांगितलेले होते, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत त्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली गवगवा झाला आणि सल्लागार बाहेर पडले. दार उघडे ठेवून प्रार्थना करणे हा धर्मप्रसार झाला की नाही? मी पुष्कळ विचार केला. सल्लागारांचे म्हणणे मला कळते. तरुण, निराधार मुली, त्यांना सांभाळणारी बाई त्यांचे सर्वस्व, तिचे पाहून त्या करणारच. आणि तरीही आपल्याच खोलीत दार लावून चोरासारखी प्रार्थना कर असे एखाद्या बाईला सांगणे मला पटत नाही. आपल्या मंडळात एकादशीला भजन होते तेव्हा मी टाळ धरतेच की. त्याने माझे काही बिघडले नाही.

परंतु मला खरी ओढ आहे ती लक्ष्मीबाई टिळकांची.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ जलालपूरला. त्यांचे वडील गोखले सोवळ्याच्या बाबतीत विलक्षण होते. बाजारातून घरात आलेली वस्तू धुतल्यावाचून आत जावयाची नाही. धुता येण्याजोगी असो वा नसो. घरातल्या बायकामुलांचा जीव त्या धुण्यापुसण्यात अर्धा होई. 'स्मृतिचित्रे'त हे सारे त्यांनी इतक्या गंमतीने लिहिले आहे की हसता हसता डोळ्यांत पाणी येते. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, विद्वान, मायाळू आणि लहरी. संसाराला लागणारे एकही गुण त्यांच्यात नव्हते असे म्हटले तरी चालेल. पैसा आला की वाटून मोकळे, नोकरी धरली की सोडून मोकळे.

टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने बायबल दिले. तो गृहस्थ त्यांना म्हणाला होता की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. डोंगरावरचे प्रवचन वाचून टिळक हलून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा जवळ नव्हती. ती आपल्या माणसांत होती, पदरात लहान दत्तू.

टिळकांच्या भक्तीविषयी मला आदरच आहे. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणारा हा माणूस. त्यांची गीते आम्ही दर रविवारी गातो. परंतु त्या दिवसाविषयी मी त्यांना पुरते क्षमा करू शकलेली नाही. मुंबईत नवऱ्याच्या डोक्यावर पाणी पडले आणि इकडे बायको सवाष्ण असून विधवेसारखी झाली. नवरा जिवंत आहे पण त्याच्या घरी जाता येत नाही, त्याच्या हातचे खाता येत नाही. ती नातेवाईकांकडे राहिली, पंढरपूरला जाऊन राहिली, आजारी पडली. त्या दुःखात तिला कविता सुचू लागली. सत्य सापडले म्हणणाऱ्याने ते सर्वांत आधी आपल्या चुलीपाशी बसून सांगावयाचे असते, हे टिळकांना नंतर उमगले असावे, कारण पुढची त्यांची वागणूक अगदी निराळी आहे.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी ते चालवून घेतले. एका घरात दोन धर्म, दोन चुली. मिशनच्या भोवती राहून एखाद्या बाईने आपले पाणी असे राखावयाचे म्हणजे आजूबाजूचे हसत असतीलच. टिळकांनी मात्र घाई केली नाही. जो आधी न सांगता गेला होता तो आता गप्प राहून वाट पाहत होता.

आणि मग त्यांचे मन पालटले ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. त्या स्वतःच विचार करीत बसल्या, की ही जात केली कुणी? देवाने केली असती तर माणसामाणसांत तशी खूण दिसली असती. बैल आणि घोडा ओळखावयास कुणाला विचारावे लागत नाही. ब्राह्मण आणि महार मात्र सांगितल्यावाचून कळत नाहीत. मग हे माणसाचेच काम. एवढे पटल्यावर त्यांनी ठरविले की यापुढे कुणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे, आणि ते केले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम लक्षात घ्या. आधी माठातले पाणी, मग कुंडातले.

हा क्रम मला इतका महत्त्वाचा का वाटतो हे सांगावयाचे तर माझ्या खापरपणजीविषयी लिहावे लागेल. खापरपणजी म्हणजे माझ्या आजीची आजी. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात महारवाड्यात तिचे घर होते. गावच्या विहिरीला तिला हात लावण्याची मुभा नव्हती. रिकामी घागर घेऊन बाजूला उभे राहावयाचे, कुणा वरच्या जातीच्या बाईला दया आली तर ती दुरून, उंचावरून पाणी ओतणार. अर्धे घागरीत, अर्धे मातीत. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात त्या घराने बाप्तिस्मा घेतला. गावाने म्हटले, मिशनच्या ज्वारीसाठी बाटले. माझी आजी हे सांगताना कधी रागावत नसे. ती म्हणे, "भूक होतीच की. पण दुष्काळ सरला, ज्वारी सरली, तरी आमची आजी चर्चला जातच राहिली, ती कशाला?"

तिचे उत्तरही आजीनेच सांगितले होते. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा एकच पेला रांगेतून हातोहात फिरे. तो पेला पहिल्यांदा खापरपणजीच्या हाती आला तेव्हा तिने सवयीने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, म्हणजे वरून ओततील. शेजारच्या बाईने पेलाच तिच्या हातात दिला. आमच्या घरात बाप्तिस्म्याचा दिवस कुणाला आठवत नाही, तारीख कुठे लिहिलेली नाही. हा पेला मात्र पाच पिढ्या आठवतो.

बाप्तिस्म्याने गावची विहीर काही उघडली नाही. त्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावे लागले. आणि चर्चमध्येही जात दाराबाहेर राहिली असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. सोयरिकी जुळविताना ती हळूच आत येते, हे आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. तेव्हा आमच्यातल्या गोरगरिबांनी लोभासाठी धर्म धरून ठेवला असे म्हणणाऱ्याने हा हिशेबही मांडावा. पण ज्या काळात लक्ष्मीबाईंसारखी सोवळ्यात वाढलेली ब्राह्मणाची मुलगी कुणाच्याही हातचे पाणी प्यावयास तयार झाली, त्याच काळात, त्याच जिल्ह्यात, माझी खापरपणजी ओंजळ सोडून पेला धरावयास शिकली. एकीला वरून खाली उतरावे लागले, दुसरीला खालून वर यावे लागले. दोघी कधी भेटल्या असतील असे नव्हे. तरी मला त्या एका रांगेत बसलेल्या दिसतात.

बाप्तिस्मा झाल्यावर लक्ष्मीबाईंनी धर्म सांगितला तो कसा? त्या काळी मिशनमध्ये बायबलबाई असत. घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखविणे, लिहावयास शिकविणे हे त्यांचे काम. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे शिक्षण म्हणाल तर शाळा पाहिलेली नाही. टिळकांनी मनात येईल तसे अधूनमधून शिकविले, तेवढेच. त्यांनी धर्म सांगितला तो घर उघडे ठेवून. दुष्काळातली अनाथ पोरे घरात आली, ती वाढविली. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांना आपण बालकवी म्हणून शाळेत शिकलो, ते नगरला टिळकांच्या घरी राहत होते. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. त्यांचे रुसवे, त्यांची भूक, त्यांचे वेड्यासारखे हिंडणे, सगळे पुस्तकात आहे. ठोमरे १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात गेले, तोवर हिंदूच होते. त्यांचे जेवणाचे ताट कुणी बाप्तिस्म्याच्या अटीवर वाढले नाही.

बायबलमध्येच अशी एक गोष्ट आहे, ती हिंदू भगिनींना सहसा ठाऊक नसते म्हणून सांगते. येशू प्रवासात दमून एका विहिरीवर बसला होता. शोमरोनी जातीची एक बाई भर दुपारी पाण्याला आली. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्या भांड्याला शिवत नसत. येशूने तिच्याजवळ पाणी मागितले. ती चकितच झाली, की तुम्ही यहूदी असून माझ्याजवळ पाणी मागता? बोलणे वाढले, आणि शेवटी ती आपली घागर तिथेच टाकून गावात धावत गेली आणि लोकांना म्हणाली की या, बघा. तिने कुणाला ओढून नेले नाही. लोक स्वतः आले, स्वतः ऐकले. धर्म सांगण्याची सुरुवात तेथे पाणी देण्याने नाही, मागण्याने झाली. पाणी मागणारा माणूस समोरच्याला मोठा करतो. आमच्या उपदेशकांनी या गोष्टीवर किती प्रवचने दिली, पण ही एवढी बाब फारच थोड्यांनी सांगितली.

आजच्या काळाचे म्हणाल तर आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा खुलासा केला, की आपल्या धर्माची शिकवण दुसऱ्यापुढे मांडण्याचा हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. मला यात अडचण वाटत नाही. मन पालटणे हे आमच्याही श्रद्धेप्रमाणे माणसाचे काम नव्हेच. लोकल गाडीत गर्दीच्या वेळी दमलेल्या बायकांच्या हातात पत्रके कोंबणारे आमचे काही बंधू आहेत. त्यांचा उत्साह खरा असेल, परंतु मी त्यांना सांगत असते, आधी त्या बाईला बसावयास जागा द्या. त्यांना ते फारसे आवडत नाही.

तुम्ही मला कधी विचारलेत तर मी सांगेन, न विचारता सांगणार नाही, असे मी म्हटले तर आमच्या मंडळीतले कुणी म्हणतील, ही आज्ञा मोडते. त्यांना मी टिळकांचे शेवटचे दिवस दाखवीन. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे चालत. चर्चमधल्या पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्याने १८९५ साली एका बाप्तिस्म्यासाठी घर मोडू दिले, तोच बावीस वर्षांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांना मांडीला मांडी लावून बसवू लागला. मधल्या बावीस वर्षांत काय घडले? मला वाटते, लक्ष्मीबाई घडल्या. तिने आपल्या वेळेने, आपल्या डोक्याने यावे म्हणून वाट पाहण्याचे जे शिक्षण त्यांना घरात मिळाले, ते कुठल्याही धर्मशाळेत मिळाले नसते. हा माझा तर्क आहे. पंडितांनी तो मानावाच असे नाही.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत वारले. त्यांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते, 'ख्रिस्तायन'; ते थोडेच झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि उरलेले बहुतेक सगळे अध्याय रचले. ज्या बाईचे अक्षर धड नव्हते तिने नवऱ्याचे महाकाव्य पुरे करीत आणले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकला वारल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली छापले गेले.

'स्मृतिचित्रे'ची एक प्रत आपल्या मंडळाच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. पाठीची शिवण सैल झाली होती, ती मी सुईदोऱ्याने घालून ठेवली आहे. सोवळ्याची हकिकत अगदी आरंभी आहे, ठोमऱ्यांची पुष्कळ पुढे. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी.